टेक-ऑफच्या वेळी धीर कसा धरता? तुमचे अनुभव सांगा

माहेरवाशीण_पुणे
काल रात्री भाचीचा फोन आला. जर्मनीला शिकायला चाललीय. व्हिसा झाला, बॅगा भरून झाल्या, आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, बाकी काही नाही गं, विमान सुटतं ना तेवढी मिनिटं मला नको वाटतात. तू काय करतेस?" तिला जे सांगितलं ते इथे लिहिते. तुमचेही अनुभव हवेत, धागा तिलाच पाठवणार आहे.

माझी भीती नेमकी टेक-ऑफची. एकदा वर गेलं की मी खाते, झोपते, ढग बघते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा शेजारी साताऱ्याकडचे एक काका होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. मी खुर्चीचे हात घट्ट धरलेत हे त्यांनी पाहिलं. "घाबरू नका" असं ते म्हणालेच नाहीत. म्हणाले, "ताई, आता काय काय वाजंल ते आधी सांगून ठेवतो." आणि क्रमाने सांगितलं. इंजिन चढेल, पाठ खुर्चीला टेकेल. अर्धा-पाऊण मिनिट विमान धावेल, मग नाक वर. पायाखाली घरघर आणि ठक्, ती चाकं पोटात गेली. त्यानंतर हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम उतरेल, पोटात खड्डा पडेल. तेव्हा विमान खाली येत नसतं, फक्त जोर कमी केलेला असतो, चढणं चालूच असतं. मग फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या सरकत्या पट्ट्या, आत जाताना कुंईऽ असा आवाज.

एकेक तस्संच झालं. तो आवाज उतरण्याचा क्षण माझा सगळ्यात वाईट होता, आणि तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं की तो दर वेळी येतो, येणारच असतो. तेव्हापासून मी मनातल्या मनात पुढचा आवाज कोणता ते म्हणत बसते. भीती जात नाही, पण तिला करायला काम मिळतं.

तुम्ही काय करता? औषध, जप, गप्पा, काहीही लिहा.

रानजाई
तो आवाज उतरतो तेव्हा!! मला दर वेळी वाटतं इंजिन बंद पडलं. नवऱ्याचा हात दाबून दाबून लाल करते मी. हे आत्ता कळतंय. कुकर लावलाय, नंतर लिहिते सविस्तर.

कलिना_हँगर
मी विमान देखभालीत आयुष्य काढलं, आता निवृत्त. काकांनी अगदी बरोबर सांगितलं. पोटात खड्डा का पडतो तेही सांगतो. जोरात पुढे खेचले गेलो की कानातला तोल सांभाळणारा भाग त्याचा अर्थ "आपण मागे कललोय" असा लावतो. जोर कमी झाला की तोच भाग "पुढे पडतोय" असं सांगतो. विमान त्या वेळी चढत असतं. शरीर खोटं बोलत नाही, पण त्याचा अंदाज चुकतो.

आणखी एक. एअरबस ३२० जातीच्या विमानात सुटण्याआधी खालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. अनेकांनी मला घाबरून विचारलंय. विमानातल्या दोन हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांमधला दाब सारखा करणारं ते युनिट असतं. दुसरं इंजिन सुरू करताना ते स्वतःची चाचणी घेतं, आणि एकाच इंजिनावर विमान धावपट्टीकडे नेत असतील तरी वाजतं. काही बिघडलेलं नसतं.

ठाणेकर_७
काका तो भुंकणारा आवाज!!! आम्ही समजायचो खाली सामानात कुणाचा तरी कुत्रा आहे. मुलगी "बिचारा भुकेला असेल" म्हणून रडली होती. तिला दाखवतो हे.

वऱ्हाडी_ठेचा
माह्या बायकोले लय भेव वाटते. नागपूरहून निघालो का धावपट्टीपासूनच माहा दंड धरते ते सोडत नाई. मी तिले बोलतं ठेवतो बस. लग्नात कोनी काय आहेर देल्ला होता हा विषय काढला का विमान कवा वर गेलं समजत नाई. हसू नका, खरंच कामी येते.

रानजाई
@वऱ्हाडी_ठेचा आहेराचा विषय 😄 आमच्याकडे तो काढला तर विमान उतरल्यावरही संपणार नाही.

सोलापुरी_चादर
अप्पांना बंगळुरूला घेऊन गेलो होतो. आयुष्यात पहिलं विमान. ते भीती वाटते असं कधी म्हणणार नाहीत, पण बेल्ट लावल्यापासून गप्प. इंजिनाचा आवाज चढला आणि अप्पांनी पुटपुटायला सुरुवात केली. मला वाटलं जप चाललाय. कान दिला तर दिडकी! एक दिडके दीड, बे दिडके तीन... दिडकी संपली की अडीचकी. सीटबेल्टचा दिवा जाईपर्यंत चालू. खाली उतरल्यावर म्हणाले, "आकड्यात डोकं गुंतलं की भ्यायला जागा राहत नाही." जुन्या शाळेचे आहेत, पावकी-निमकी सगळं तोंडपाठ. मला एकोणतीसचा पाढा धड येत नाही, पण आता विमानात मी तोच म्हणतो. अडखळतो म्हणूनच उपयोग होतो. सहज येणारा पाढा म्हणत असताना भीतीही शेजारी चालू राहते.

खारी_बिस्किट
अडीचकी!! आमची आजी भाजीवाल्याशी हिशेब करताना म्हणायची. पाऊणकी कुणाला येते का इथे अजून?

सोलापुरी_चादर
@खारी_बिस्किट अप्पांना येते. रेकॉर्ड करून ठेवायचं मनात आहे कधीपासून.

खारी_बिस्किट
आजच करा हो. खरंच सांगते, आजच करा.

मणिनगर_अमदावाद
मी लिहू की नको असं दोनदा झालं. आम्ही अहमदाबादचे मराठी, तीन पिढ्या इथेच. १२ जून २०२५ नंतर माझं टेक-ऑफ बदललंय. एअर इंडियाचं लंडनला निघालेलं ते विमान सुटल्यावर अवघ्या ३२ सेकंदांत खाली आलं, मेघाणीनगरला. २६० माणसं गेली. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं वसतिगृह तिथून जवळ होतं. तो वाचला, पण त्या दुपारी फोन लागत नव्हता ते दोन तास मी विसरणार नाही.

त्यानंतर पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा चाकं सुटल्यापासून मी मोजत होते. ३२ झाले. ३३ झाले. मोठ्याने रडले. शेजारच्या मुलीने काहीही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. आता मी मोजत नाही, मुलाने बजावलंय. ती एक ते ३२ मधली जागा मी ज्ञानेश्वर माउलींच्या नामाने भरते. धीर धरते असं म्हणणार नाही. बसून राहते, इतकंच.

माहेरवाशीण_पुणे
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. बसून राहणं हेही खूप आहे. माझ्या भाचीनेही त्याच बातमीनंतर भीती वाटते म्हणायला सुरुवात केली. आधी ती खिडकीसाठी भांडायची.

रानजाई
🙏 ताई तुम्हाला घट्ट मिठी.

कलिना_हँगर
ताई, त्या दिवशी मीही टीव्ही बंद करून बसलो होतो. चाळीसेक वर्षं ज्या कामात घालवली त्यातलं हे. तुम्हाला आकडे सांगून समजावणार नाही. पण भाचीसाठी एवढं लिहितो, कारण विचारणारे पुष्कळ असतात: प्रवासी विमान प्रमाणित करतानाच ही अट असते की धावपट्टीवर एका ठरावीक वेगाच्या पुढे गेल्यावर एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या इंजिनावर ते सुटलं पाहिजे आणि चढलं पाहिजे. त्या वेगाला व्ही-वन म्हणतात. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी बघून तो काढतात. आणि वैमानिक सिम्युलेटरमध्ये नेमका हाच प्रसंग पुन्हा पुन्हा करतात. तुम्ही बेल्ट लावता तेव्हा पुढे बसलेल्या दोघांनी "बिघडलं तर काय" याची उजळणी मोठ्याने केलेली असते.

जेटलॅगवाली
आणि मागे आम्हीही! बरीच वर्षं केबिन क्रू होते. टेक-ऑफला आम्ही आमच्या सीटवर गप्प बसलेलो दिसतो ना, तेव्हा मनात उजळणी चालू असते. आग लागली तर कोणतं दार, कोण म्हातारं आहे, कोणाच्या मांडीवर बाळ आहे. काही जण आमचे चेहरे वाचायला बघतात आणि गंभीर दिसलो की घाबरतात. तो चेहरा रोजचाच आहे हो.

रात्री दिवे मंद करतात त्यालाही घाबरू नका. डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून करतात, म्हणजे बाहेर पडायची वेळ आलीच तर लगेच दिसेल.

भाचीला सांगा, चढतानाच क्रूला सांग "मला टेक-ऑफची भीती वाटते". लाजायचं काही नाही. मला कुणी सांगितलं की मी सुटण्याआधी एक फेरी तिकडे मारायचेच. आणि सीट पंखाजवळची घे म्हणावं, शेवटच्या रांगा जास्त हलतात.

मडगांवकार
मला खिडकी लागते. बाहेर क्षितिज दिसलं की डोकं ताळ्यावर राहतं. मे २०२५ मध्ये संरक्षण दलाच्या विमानतळांवर टेक-ऑफला खिडक्या बंद ठेवायचा आदेश आला तेव्हा माझी फार पंचाईत झाली. आमचं गोव्याचं दाबोळी नौदलाचा तळ, तुमचं लोहगाव हवाई दलाचं. तेव्हापासून गोव्याच्याच मोपा विमानतळावरून जायला लागलो. लांब पडतं, पण तिथे खिडकी उघडी असायची.

पेडण्याची_सून
@मडगांवकार आम्हाला मोपा दारात आणि तुम्ही लांब म्हणताय. मडगावहून टॅक्सीला किती घेतात हल्ली?

मडगांवकार
तो विषय काढू नका, त्याची भीती टेक-ऑफपेक्षा जास्त आहे 🙂

चिपळूण_मस्कत
ड्युटीवरून लिहितोय, थोडक्यात. गल्फला जाणाऱ्या आमच्या पोरांची भीती विमानाची कमी आणि मागे सुटणाऱ्या घराची जास्त असते. दोन्ही एकाच वेळी छातीत येतात म्हणून टेक-ऑफ जड जातं. मुंबईहून बहुतेक वेळा समुद्राकडेच सुटतं. जुहूचा किनारा गेला की संपलं, खाली पाणी. पहिल्या वेळी मी तोंड फिरवून रडत होतो, शेजारच्या केरळी भाईने हिंदीत विचारलं "पहली बार?" आणि स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवत बसला. आता कुणी नवीन पोरगा दिसला की मी तेच करतो. घरी कोण कोण आहे विचारतो. आईचं नाव सांगेपर्यंत विमान वर गेलेलं असतं.

पार्लेकर
@चिपळूण_मस्कत दादा, डोळ्यांत पाणी आलं. जुहूचं नाव निघालं म्हणून, विषयाला थोडं सोडून. आम्ही लहानपणी गच्चीवरून विमानं बघायचो, वडील सांगायचे की १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटे ह्याच जुहूला उतरले, आणि १९८२ मध्ये ७८ व्या वर्षी तोच प्रवास पुन्हा करून आले. जुहूचं मैदान तर १९२८ पासूनचं. मुंबईहून सुटताना खाली ती जुनी धावपट्टी दिसते का ते मी शोधत बसतो. खिडकीची जागा घेतो त्यासाठी. शोधता शोधता समुद्र येतो.

मिरजेची_डॉक्टरीण
ओपीडी संपली, आता लिहिते. भीतीने श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या, तोंडाभोवती बधिरपणा, चक्कर. माणसाला वाटतं हार्ट अटॅक. "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला इथे अर्धवट आहे, कारण लोक आणखी हवा ओढत बसतात. श्वास सोडणं लांबवा. चार मोजेपर्यंत घ्या, सहा-सात मोजेपर्यंत हळूहळू सोडा. धावपट्टीवर सुरू करू नका, घरून निघायच्या आधीच्या आठवड्यात रोज करा, म्हणजे वेळेला शरीराला ओळखीचं वाटेल.

दारू नको. झोपेची गोळी कुणाच्या तरी पर्समधली घेऊ नका. भीती फारच असेल तर डॉक्टर तात्पुरतं औषध देऊ शकतात, पण पहिला डोस विमानात नाही, आधी घरी घेऊन बघायचा. आणि टाळत राहिलात तर भीती वाढते. समुपदेशनाने ही भीती पुष्कळ कमी होते, माझे पेशंट आहेत.

माहेरवाशीण_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. भाची वाचतेय. तिचा मेसेज: "अडीचकी कुठे शिकायला मिळेल?" 😊 पंखांबद्दलही विचारतेय, पंख हलताना दिसतो तो तुटणार नाही ना.

कलिना_हँगर
पंख हलायलाच हवा. न वाकणारा पंखच मोडला असता. बोइंग ७८७ च्या चाचणीत, २०१० साली, पंख प्रत्यक्षात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भाराने वाकवला, सुमारे २५ फूट वर, तरी टिकला. खिडकीतून तुम्हाला दिसतं ते त्याच्यापुढे काहीच नाही. तिला म्हणावं, सकाळचं विमान असेल तर घे. एप्रिल-मेच्या दुपारी दख्खनची जमीन तापते, गरम हवा वर येते आणि चढताना हादरे बसतात.

रानजाई
आले परत. कुकर, जेवणं, भांडी सगळं झालं. इतकं सगळं वाचून माझं लिहायचं राहिलंच. डॉक्टर ताई, एक विचारू का? जाऊबाई टेक-ऑफच्या आधी प्रोप्रानोलॉल (छातीतली धडधड कमी करणारी गोळी) घेतात, मलाही चार गोळ्या काढून दिल्यात. मला दमा आहे, पंप वापरते.

मिरजेची_डॉक्टरीण
@रानजाई नाही! दमा असताना ती गोळी घ्यायची नाही, श्वासनलिका आवळू शकतात. त्या चार गोळ्या जाऊबाईंना परत करा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पंप मात्र वरच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा. कधी आहे प्रवास?

रानजाई
पुढच्या महिन्यात, इंदूरला, भावाकडे. बरं झालं विचारलं. उद्याच जाते दाखवायला.