चिपळूणमध्ये घर: नवख्या कुटुंबाने लगेच घ्यावे, की एक पावसाळा थांबावे?

कृष्णाकाठकर:
लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील नोकरीमुळे आमचे कुटुंब येत्या मे महिन्यात सांगलीहून चिपळूणला येत आहे. आम्ही उभयता, चौथीतून पाचवीत जाणारी मुलगी आणि गुडघेदुखीमुळे जिना टाळणारी आई असे घरात चौघे आहोत. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा थेट घर विकत घ्यावे, असे माझे मत आहे आणि त्यासाठी तीन जागा पाहून ठेवल्या आहेत. पहिली चिंचनाक्याजवळच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची सदनिका, जिथे लिफ्ट नाही. दुसरी कापसाळच्या बाजूला चढावर बांधून होत आलेल्या इमारतीतली, लिफ्टसह, पण शहरापासून दूर. आणि तिसरा लोट्याजवळच्या एका गावातला सहा गुंठ्यांचा तुकडा, जिथे पुढेमागे घर बांधता येईल. माझा कल पहिल्या जागेकडे आहे. पुराची भीती प्रत्येकजण घालतो. परंतु २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे कृष्णेचे पूर आम्ही सांगलीत राहून पाहिले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावर पाणी चढणार नाही, एवढा हिशेब मला पुरेसा वाटतो. कोणाचे मत वेगळे असल्यास ते सकारण मांडावे.

गोवळकोट:
माझे मत वेगळे आहे, आणि त्याचे कारण आपल्या सांगलीच्या अनुभवातच आहे. कृष्णेचा पूर चढत चढत येतो. धरणांतला विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळची पातळी यांच्या बातम्या ऐकून माणसाला सामान हलवायला, म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे पोचवायला अवधी मिळतो. चिपळूणची वाशिष्ठी नदी तसा अवधी देत नाही. ती सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात दाभोळच्या खाडीला मिळते. डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती असली, की पाण्याला पुढे वाट उरत नाही आणि काही तासांत बाजारपेठ पाण्याखाली जाते. २२ जुलै २०२१ रोजी हेच घडले. अनेकांनी २६ जुलै २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण प्रमाण मानून सामान तिच्या वर चढवून ठेवले होते, पण पाणी ती खूणही ओलांडून गेले. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणातून सुटणारे पाणीही याच नदीत येते, आणि त्या रात्रीच्या पुरात त्याचा वाटा किती होता, यावर गावात आजही एकमत नाही.

दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, हे मान्य. तथापि विजेचे मीटर, पाण्याचा पंप, आपले वाहन आणि जिन्याची सुरुवात ही सगळी तळमजल्यावर असतात. पाणी उतरल्यावर चिखल काढायला, वीज परत यायला किती दिवस लागतील, आणि त्या दिवसांत जिना न उतरू शकणाऱ्या आईंची औषधे कोण आणील, याचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून माझे म्हणणे असे की, एक वर्ष भाड्याने राहावे, एक जुलै आणि एक मे महिना या गावात काढावा आणि मगच पैसे गुंतवावेत.

चिंचनाका:
गोवळकोट यांच्या लेखनातील एकही तपशील चुकीचा नाही. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आमचे घर २००५ मध्ये बुडाले, २०२१ मध्ये बुडाले आणि तरीही आम्ही इथेच आहोत, ते हट्टाने नव्हे. शाळा, दवाखाना, भाजी, एस.टी. स्टँड हे सर्व पायी गाठता येते. ज्या वृद्ध व्यक्तीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला दररोज रिक्षासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहायला लावणे हेदेखील एक संकटच आहे. फक्त त्याची बातमी होत नाही. शिवाय कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, वाशिष्ठीत येत असल्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातील उंचावरच्या वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, टँकरची वाट पाहावी लागते, त्या वेळी शहरातल्या नळांना पाणी असते. ज्या नदीचे पाणी जुलैत घरात शिरते, तीच नदी मे महिन्यात तहान भागवते, ही गोष्ट बाहेरून आलेल्यांना पूररेषेच्या नकाशावर दिसत नाही.

एक वर्ष थांबण्याचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण समजा त्या वर्षी पूर आलाच नाही, तर? २००५ आणि २०२१ यांच्यामध्ये सोळा वर्षे गेली. एका पावसाळ्यात या नदीची परीक्षा होत नाही. उलट एक कोरडा जुलै पाहून माणूस निर्धास्त होतो आणि तळमजला घेऊन बसतो.

कातळसडा:
दोघांच्या वादात दुसरी जागा सुरक्षित आहे, असे परस्पर गृहीत धरले गेले. मी चढावर राहतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे पूर येत नाही, पण डोंगर खाली येऊ शकतो. २०२१ च्या त्याच जुलैत खेड तालुक्यातील पोसरे आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडी कोसळून माणसे दगावली. इमारतीसाठी डोंगर मागच्या बाजूने उभा कापला आहे काय, कापलेल्या भागाला संरक्षक भिंत आहे काय, त्या भिंतीत पाणी निचरण्यासाठी छिद्रे ठेवली आहेत काय आणि वरून येणारा वहाळ (ओढा) कोठे वळवला आहे, हे प्रत्यक्ष मागे जाऊन पाहावे. नमुन्याच्या सजवलेल्या सदनिकेत यातले काहीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथल्या जांभ्या दगडात पाणी मुरते, पण टिकत नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. बिल्डर बोअरवेल दाखवून निश्चिंत करतो. नळजोडणी कोणाची आहे, नगरपरिषदेची की ग्रामपंचायतीची, आणि गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीने टँकर मागवले होते काय, हे त्या इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारावे. तो खरे सांगतो, कारण टँकरच्या पाइपाशी उभे राहण्याचे काम त्याचेच असते.

दस्तऐवज:
तिसऱ्या जागेचा विचार कोणीच केला नाही, तो मी थोडक्यात संपवतो. तो तुकडा शेतजमीन असेल आणि आपण शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन आपल्याला घेता येत नाही. आपण सांगलीकडचे शेतकरी असाल, तर ही अडचण नाही, पण पुढची आहे. कोकणातील सातबाऱ्यावर बहुधा एकाच जमिनीला अनेक सहहिस्सेदार असतात. त्यातले निम्मे मुंबईला, काहींचे वारस अद्याप लागलेले नाहीत, कोणाच्या आत्याचे नाव इतर हक्कांत आहे. विकणारा प्रामाणिक असला, तरी तो आपल्याला केवळ स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. त्या हिश्शाची जागा मोजून हद्द ठरलेली नसते. कागदावर वाट नसलेला तुकडाही येथे सर्रास विकला जातो आणि शेजाऱ्याने बांधावर गडगा (दगडी कुंपण) घातला की घराकडे जाण्याचा रस्ता संपतो. वाटप, मोजणी, बिनशेती आणि वहिवाटीचा रस्ता ही चारही कामे पूर्ण झालेली नसतील, तर त्या तुकड्यासाठी विसार देऊ नये.

सदनिकांविषयी दोन बाबी. दुसऱ्या जागेचा प्रकल्प महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांच्या राज्य नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का, हे पाहावे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्याकडच्या लहान शहरांत अशा इमारती पुष्कळ असतात. करारनामा नोंदण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याची मनाई आहे. पहिल्या जागेबाबत मात्र पूररेषा पाहिलीच पाहिजे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जुनी इमारत आज उभी आहे म्हणून राहता येते. पण ती पाडून नवी बांधण्याची वेळ येईल तेव्हा अनेक अटी आड येतील. दुसरा मजला पाण्यापासून वाचतो, या अटींपासून नाही.

भरणेनाका:
नोकरी लोट्याला आहे, तर चिपळूणचाच आग्रह का, हे मला समजले नाही. चिपळूणहून रोज परशुराम घाट ओलांडावा लागेल. चौपदरीकरणाच्या कामासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात तो घाट दिवसाचे काही तास बंद ठेवला होता आणि पावसात तेथे दरडीचे भय असतेच. खेडच्या बाजूने आल्यास तो घाट लागत नाही. खेडची बाजारपेठही जगबुडी नदीच्या पाण्यात जाते, हे खरे. म्हणून मी खेडजवळच्या भरणे नाक्याचा परिसर सुचवतो.

कृष्णाकाठकर:
सर्वांच्या प्रतिसादांनंतर तिसरी जागा मी यादीतून काढली आहे. खेडचा विचार केला होता. पण पत्नीला चिपळूणमधील शाळेत नोकरी मिळण्याची शक्यता असल्याने घाट कोणा एकाला ओलांडावाच लागेल.

एक वर्ष थांबण्याविषयी मात्र माझी शंका कायम आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देते, त्याहून मोठ्या, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात हे प्रमाण ८० टक्क्यांवर येते. आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी यांचा खर्च बहुधा त्यात धरलाच जात नाही. वर्षभरात किंमत वाढून कर्ज त्या मर्यादेपलीकडे गेले, तर स्वतःची रोख रक्कम एकदम दुपटीहून अधिक उभी करावी लागेल, आणि त्याच वर्षात भाडे व अनामत यांपायी शिल्लक घटलेली असेल. थांबण्याची ही किंमत गोवळकोट यांनी मोजली आहे काय?

गोवळकोट:
मोजली आहे. पूरपट्ट्यातल्या जुन्या सदनिकेची किंमत वर्षभरात अशी उसळी घेईल, असे मला वाटत नाही. कापसाळच्या जागेबाबत आपली भीती रास्त आहे. चिंचनाका यांचा आक्षेप मात्र मी काही अंशी स्वीकारतो. एका पावसाळ्यात महापूर दिसेलच असे नाही. पण पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजल्यावर शेजारचे काय करतात, कोण कोणाच्या घरी जाते, गाड्या कोणत्या चढावर नेऊन लावतात, हे दिसते. २०२१ मध्ये ज्यांना कोणाच्या तरी माळ्यावर जागा मिळाली, त्यांना ती ओळखीमुळे मिळाली. नवख्या कुटुंबाकडे कर्ज असते, कागद असतात. ही ओळख नसते, आणि ती खरेदीखतासोबत येत नाही.

चिंचनाका:
ओळख भाडेकरूपेक्षा घरमालकाची लवकर होते, हे आपणही जाणता. वर्षभराने जाणाऱ्या माणसाला सोसायटीच्या बैठकीलाही कोणी बोलावत नाही. घर घेतलेल्याला शिमग्याच्या वर्गणीपासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळीकडे धरतात. घ्यायचेच ठरले, तर पत्नीच्या नावाने घ्यावे, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि पहिल्याच दिवशी भारत गृह रक्षा प्रकारचा घराचा विमा उतरवावा. त्यात पूर व वादळ दोन्ही येतात आणि घरातील सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचे संरक्षण मिळते. २०२१ नंतर आमच्या आळीत ज्यांचा विमा होता त्यांनी फ्रीज नवा आणला, इतरांनी दुरुस्त केला.

कृष्णाकाठकर:
आईशी बोललो. लिफ्ट नसलेल्या घरात ती येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले, त्यामुळे चिंचनाक्याच्या जागेचा निकाल पुराने नव्हे, जिन्याने लावला. लिफ्ट असलेली, शाळेला जवळ आणि पूररेषेबाहेरची भाड्याची जागा कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे. भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृतच करू. कापसाळच्या इमारतीच्या मागे जाऊन डोंगर येत्या रविवारी पाहतो, आणि पहारेकऱ्यालाही गाठतो. ती जागा वर्षभरात हातची गेली, तर दुसरी शोधण्याची जबाबदारी गोवळकोट यांची राहील.