‘सेव्हन-इन-वन’ स्प्रे मारला आणि आईचं शिलाई मशीन आखडलं

सिंहगडरोडकर

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं. तिथे एक पोरगा वंगणाच्या स्प्रेचे डबे विकत होता. गंजलेला बोल्ट घेतला, फुस्स केलं, दहा आकडे मोजले आणि नट दोन बोटांनी काढून दाखवला. मग काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात होल्डरसकट बुडवलेला बल्ब, होल्डरवर आधी स्प्रे मारलेला. बल्ब पेटलेलाच! भोवती गर्दी. बायको म्हणाली, "घ्या एक." घेतला.

डब्यावर लिहिलंय: सात कामं एकात, नॅनो फॉर्म्युला, दीर्घकाळ वंगण, गंजापासून दोन वर्षं संरक्षण. ‘दोन वर्षं’च्या डोक्यावर एक चांदणी आहे. तिचा अर्थ तळाशी मुंगीच्या अक्षरात: ‘घरातील कोरड्या जागेत’. हे घरी आल्यावर भिंगातून वाचलं.

दाराच्या बिजागऱ्या गप्प झाल्या, हे कबूल. तीन आठवडे. मग पुन्हा कुई. ते एक वेळ सोडा. आईचं लग्नातलं काळं, पायाचं मशीन आहे. हौसेने त्याच्या सगळ्या भोकांत मारला. दोन दिवस लोण्यासारखं चाललं. दहाव्या दिवशी चाक हातानेही फिरेना. आई एक शब्द बोलली नाही, मशीनवर जुनी साडी टाकून ठेवली. तेच जास्त लागलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. पण डबा फसवा की मी बावळट? आणि असले दावे वाचायचे तरी कसे?

पेठेतला_पाहुणा

दुसरं, पण ते डब्यावर छापत नाहीत. आमच्याकडे पणजोबांपासून बिजागरीला खोबरेल. कुरकुर नाही, जाहिरात नाही.

भोसरीचा_फिटर

पाहुणे, तुमच्या पणजोबांची बिजागरी डिसेंबरात कशी बोलते ते ऐका एकदा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पुण्यातल्या थंडीत बाटलीतलं गोठतं तसंच पिनेभोवतीचंही. आणि गोडेतेल तर नकोच. फोडणीच्या तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिकटा धरतो, तोच बिजागरीत धरतो.

आता सिंहगडरोडकर. भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये तीसेक वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘लुब्रिकंट’ या एका शब्दाखाली हे लोक तीन वेगळी कामं विकतात: जाम झालेलं सोडवणं, पाणी हाकलणं आणि वंगण. पहिल्या दोन कामांना पातळ, झिरपणारं, लवकर उडून जाणारं द्रावक लागतं. तिसऱ्याला उलट हवं, जागेवर टिकून राहणारं तेल. एका डब्यात दोन्ही घातलं की कुठलं तरी एक कमी पडणारच.

सगळ्यांना ठाऊक असलेला डबा घ्या, डब्ल्यूडी-४०. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमधल्या रॉकेट केमिकल नावाच्या छोट्या कंपनीने तो बनवला. डब्ल्यूडी म्हणजे पाणी विस्थापित करणं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो वापरायचे. म्हणजे नावातच काम सांगितलंय आणि ते काम तो चोख करतो. वंगणही होतं, नाही असं नाही, पण हलकं आणि थोड्या दिवसांचं. त्याच्या अमेरिकेतल्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे घटक आणि धोके सांगणाऱ्या कागदात, बेस ऑइलचा म्हणजे टिकणाऱ्या मूळ तेलाचा वाटा ३५ टक्क्यांहून कमी दाखवलाय, बाकीचं बहुतेक उडून जाणारं. आणि एक गंमत बघा. तीच कंपनी सिलिकोन, पांढरं लिथियम ग्रीस आणि सायकलच्या साखळीचं तेल असे वेगळे डबेही विकते. एकाच डब्यात सगळं भागलं असतं, तर हा खटाटोप कशाला केला असता?

म्हणून डब्याची पुढची बाजू वाचूच नका. कंपनीच्या साइटवर सेफ्टी डेटा शीट मिळते का ते बघा. त्यात कुठला घटक किती टक्के ते असतं. शीटच मिळत नसेल तर माझ्यापुरता प्रश्न तिथेच संपतो. ‘नॅनो’ या शब्दाने माझ्या आयुष्यात एकही नट सुटलेला नाही.

दाव्यासोबत चाचणीचं नाव आहे का, हेही बघायचं. घर्षण-झिजेसाठी चार गोळ्यांची चाचणी असते, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी४१७२. खाली तीन स्टीलचे छर्रे पक्के धरलेले, वर चौथा फिरता, वजन १५ किंवा ४० किलो, मिनिटाला १२०० फेरे, ७५ अंश तापमान, पूर्ण एक तास. मग खालच्या छर्‍यांवर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. गंजासाठी मिठाच्या फवाऱ्याची पेटी असते, ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचं पाणी. तिथले अमुक तास म्हणजे तुमच्या गॅलरीतली अमुक वर्षं असं गणित कोणी मांडलं, तर हसून पुढे जायचं. ‘पन्नास टक्के जास्त’ वाचलं की विचारायचं, कशापेक्षा?

तुमच्या त्या पोराचे खेळ. जो नट बोटांनी सुटतो तो मुळात जाम नसतोच. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला की बोल्ट वरून लालेलाल होतो, आतले आटे ठणठणीत राहतात. आणि बल्ब बॅटरीवरचा असणार. नळाच्या पाण्यातून वीज इतकी कमी वाहते की बारा व्होल्टचा बल्ब स्प्रे न मारताही पेटलेला राहतो. (घरच्या २३० व्होल्टवर हे करून बघायला जाऊ नका, हात जोडतो.) शेजारी बिनस्प्रेचा दुसरा बल्ब ठेवला होता का? नसणारच.

आता मशीन. त्यात वर्षानुवर्षांचं वाळलेलं तेल आणि कापडाचा भुगा असतो. स्प्रेने तो चिखल पातळ केला, म्हणून दोन दिवस लोणी. मग द्रावक उडालं आणि चिखल आणखी आत जाऊन बसला. उपाय ऐकून राग येईल: तोच डबा पुन्हा मारा! फक्त या वेळी वंगण म्हणून नाही, धुण्यासाठी. खिडक्या उघडा, गॅस आणि देवाजवळची समई बंद, कारण डब्यातला ढकलणारा वायू बहुतेक वेळा एलपीजीच असतो. सुईखालची पट्टी काढा, बॉबिन केस काढा, ब्रशने भुगा काढा. स्प्रे मारा, चाक मागेपुढे हलवा, काळं पाणी फडक्याने टिपा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच. एक रात्र वाळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक भोकात एकच थेंब. पायाच्या चामडी पट्ट्याला तेल लागू देऊ नका, घसरेल.

स्वतः पडताळायचं असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत स्प्रे, दुसरीत मशीनचं तेल, काट्यावर समान वजन. दोन दिवस मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा आणि पुन्हा तोला.

बिजागरी_ताई

फिटरकाका, एवढं लिहिलंत आणि कुलूप विसरलात. कुलपात तेलकट स्प्रे मारला की रस्त्याची धूळ त्यात बसून लगदा होतो. आमच्या पार्किंगच्या कुलपाचं हेच झालं. बोहरी आळीतल्या दुकानदाराने ग्रॅफाइटची पूड दिली, नाहीतर किल्लीवर मऊ पेन्सिल घासा म्हणाला. पेन्सिलनेच भागलं.

अजून एक, सिलिकोनचा स्प्रे खिडकीच्या रबराला छान, पण रंगकाम काढलं असेल तर घरात त्याचा वासही नको. आमच्या चौकटीवर उडाला होता. त्यावर ऑइल पेंट धरेचना, गोल गोल डाग पडून फाटत राहिला. रंगाऱ्याने दोनदा घासायचे पैसे लावले.

आणि सिंहगडरोडकर, गप्प बसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. १९१५ या नंबरवर तक्रार घेतात. चांदणीच्या टिपेचा फोटो काढून ठेवा.

पेठेतला_पाहुणा

काका, खोबरेल मागे घेतो. थंडीपुरतं.

सिंहगडरोडकर

चार दिवसांनी लिहितोय. वाट्यांचा प्रयोग केला. मशीनच्या तेलाची वाटी होती तेवढीच भरली. स्प्रेची वाटी निम्म्याच्याही खाली आली, आणि बायको विचारतेय की ती पुन्हा आमटीला वापरायची का.

रविवारी मशीन उघडलं. काका म्हणाले तसंच, पहिली तीन फडकी काळी डांबर. चौथ्या वेळी बॉबिनच्या खालून काहीतरी लोंबायला लागलं. चिमट्याने ओढलं तर वीतभर हिरवा दोरा, शटलला गच्च गुंडाळलेला. आईने बघितला आणि म्हणाली, "हा तुझ्या शाळेच्या झेंड्याचा." म्हणजे आखडण्यात थोडा वाटा त्याचाही असणार, सगळं बिल डब्यावर फाडता येणार नाही. मात्र चांदणीचा फोटो काढला आहे, १९१५ला उद्या लावतो.

तेलाचे थेंब आईनेच घातले, मला बाटलीला हात लावू दिला नाही. काका, शंका एकच: पायडलच्या दांडीला दोन्ही टोकांना भोकं आहेत, तिथेही हेच तेल की ग्रीस?

भोसरीचा_फिटर

हेच तेल. आणि पुसायचं फडकं आईंकडूनच मागून घ्या, स्वतःच्या मनाने काही घेऊ नका.