मदत हवी आहे : रात्रीची फेल रन (डोंगरातली धाव), धुकं आणि हेडटॉर्च

नमस्कार मंडळी. मँचेस्टरला येऊन दोन वर्षं झाली. पुण्यात दर रविवारी पहाटे सिंहगड चढायचो, त्यामुळे इथल्या फेल रनिंगची गोडी लगेच लागली. आता जानेवारीत पीक डिस्ट्रिक्ट या जवळच्या डोंगराळ भागातल्या रात्रीच्या शर्यतीत नाव घातलंय, आणि खरं सांगायचं तर टरकली आहे.

परवा सरावाला तिथल्याच किंडर स्काउट डोंगरावर गेलो. उंची जेमतेम 636 मीटर, म्हटलं काय त्यात! डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. वर पोचतोय तोच धुकं आलं. हेडटॉर्चचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत. समोर नुसती पांढरी भिंत, स्वतःचे पाय दिसेनात. त्यात तो पीटचा (कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीच्या मातीचा) काळा चिखल. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत, बूट हाताने उपसून काढावा लागला.

टॉर्च कमरेला बांधला तर धुक्यात जमीन नीट दिसते म्हणतात. कुणी करून पाहिलंय का? उतारावर पट्टा हलत नाही ना? थंडीत बॅटरीही भराभर उतरते. जादाची आतल्या खिशात उबेला ठेवतो, पण बोटं बधिर झाल्यावर बदलायची कशी?

वॉटरप्रूफ जाकीट-पँट, टोपी, हातमोजे, शिटी, नकाशा, होकायंत्र, आणीबाणीचं खाणं, सगळं सक्तीचं आहे. खाण्याला राजगिऱ्याची चिक्की घेतलीय, तिथे सल्ला नको! होकायंत्र मात्र शाळेनंतर हातात धरलेलं नाही. अंधारात, धावता धावता दिशा कशी धरता?

शेफील्ड-मँचेस्टरकडचं कुणी एखाद्या शनिवारी संध्याकाळी सोबत येईल का? चहा माझ्याकडून.