ऑप्टेन: किंमत हे अर्धंच कारण

ऑप्टेन, म्हणजे इंटेलची संगणकातली वेगवान साठवण, महाग होतं म्हणून पडलं असं म्हणतात; हे मत मला अर्धंच पटतं. महागडी ग्राफिक्स कार्डं घेणारे हौशी लोक नेमके इथेच का मागे सरले? पहिली ओळखच चुकली. २०१५ साली इंटेल आणि मायक्रॉनने ऑप्टेनमागचं थ्रीडी एक्सपॉइंट हे मेमरी-तंत्र जाहीर केलं तेव्हा नँडच्या, म्हणजे नेहमीच्या एसएसडीत असते त्या फ्लॅश मेमरीच्या, हजारपट वेगाचा दावा होता. २०१७ मध्ये हाती आलं काय, तर १६ आणि ३२ जीबीची इवलीशी कॅश (सतत लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी मेमरी), तीही हार्ड डिस्कला टेकू म्हणून! ज्यांच्याकडे आधीच एसएसडी होती त्यांनी ती घ्यायची कशाला?

खरी वस्तू होती ९००पी, ऑप्टेनची पूर्ण एसएसडी. एकेक छोटी विनंती येते तेव्हा तिच्यासमोर नँड टिकत नव्हती, आणि रोजचं बरंचसं काम तसंच असतं. पण खोक्यावर छापतात तो सलग वाचनाचा आकडा. तिथे ती सेकंदाला २५०० एमबीवर थांबली, तिच्याहून स्वस्त एसएसडी पुढे गेल्या. शिवाय गेम लोड होताना बरेचदा अडतं ते प्रोसेसरपाशी, डीकॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आवळून ठेवलेला डेटा उलगडण्यात. मग लेटन्सी (विनंतीला उत्तर यायला लागणारा वेळ) कितीही कमी असो, डोळ्यांना फरक जाणवत नाही.

२०२२ मध्ये इंटेलने हा व्यवसाय गुंडाळला, याचं मला अजून वाईट वाटतं. डेटाबेससाठी मी आजही ऑप्टेनच निवडेन.