चर्चा: चयापचयाची तपासणी तिशीतच करावी का?

धागाकर्ता:
उपाशीपोटीची साखर ९५ आली की अहवाल ‘नॉर्मल’ ठरतो आणि कागद कपाटात जातो. माझा आक्षेप या समाधानाला आहे. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून साखर आटोक्यात ठेवते, आणि ही ओढाताण अनेक वर्षे निभावली जात असल्यामुळे साखरेचा आकडा बहुधा उशिरा बिघडतो. कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक चरबी), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब यांत खुणा त्याआधीच उमटू शकतात. इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, वाढता रक्तदाब आणि रक्तातील चरबीचा बिघाड हातात हात घालून येतात, हे अमेरिकन वैद्यक-संशोधक जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्येच मांडले होते. हे आकडे तिशीतच एकत्र पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (असहमत):
आपले शरीरशास्त्र मान्य, निष्कर्ष नाही. डेन्मार्कमधील ‘इंटर९९’ चाचणीत ५९,६१६ जणांपैकी एका गटाला तपासणीस बोलावून धोका अधिक असलेल्यांना पाच वर्षे समुपदेशन दिले. तरी दहा वर्षांनी दोन्ही गटांत हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शिवाय उंबरठे माणसेच ठरवतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २००३ मध्ये उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा ११० वरून १०० वर आणली आणि कालपर्यंत निरोगी मानली गेलेली कितीतरी माणसे ‘मधुमेहपूर्व’ झाली. त्यांतल्या सर्वांना मधुमेह होत नाही, पण शिक्का सर्वांवर बसतो.

धागाकर्ता:
हा दाखला रास्त आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. मात्र तिथे सरसकट बोलावण्याचा परिणाम पाहिला गेला. ज्यांची साखर वाढू लागली आहे अशा ३,२३४ जणांवरील अमेरिकेतील चाचणीत (२००२) वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी राहिले. ही माणसे शोधायची, तर आधी मोजावेच लागेल.

प्रतिसाद (असहमत):
त्या चाचणीत वजन-व्यायामाच्या गटातील प्रत्येकाला प्रशिक्षकासोबत सोळा सत्रे मिळाली होती, हे आपण सांगितले नाही. माझ्या हाती अहवालासोबत ‘वजन कमी करा’ एवढीच ओळ आली, आणि पुढचे वर्ष मी केवळ काळजीत काढले. कंबर आणि रक्तदाब मोजायला रक्तही काढावे लागत नाही, तेवढ्यास माझी हरकत नाही. रक्ततपासणीचा आग्रह मात्र त्या सोळा सत्रांची सोय असेल तिथेच धरावा.