दुर्गम जागी दीड वर्ष टाइमलॅप्स करायचंय, न बघता चालणारं सॉफ्टवेअर कुठलं?

काठावरचा

मंडळी, एका नदीचा काठ ढासळतोय आणि त्याचं दीड वर्ष टाइमलॅप्स करायचंय. जागा अशी आहे की शेवटचे दोन तास पायी जावं लागतं, वीज नाही, मोबाइलची रेंज आली तर आली. सोलर पॅनल आणि बॅटरी बसवून झालीय, जुना डीएसएलआर आहे, दर दहा मिनिटांनी एक फोटो हवाय, फक्त उजेडात.

पहिल्या खेपेला मिनी पीसीवर विंडोज आणि एक रेडिमेड प्रोग्राम टाकला होता. घरी टेबलावर आठवडाभर एकदम मस्त चालला, ग्राफ काय, प्रीव्ह्यू काय, सगळं होतं. सव्वा महिन्याने साइटवर गेलो तर स्क्रीनवर एक खिडकी उघडलेली, कॅमेऱ्याशी संपर्क तुटला, ओके दाबा. शेवटचा फोटो अकराव्या दिवसाचा. पुढचे २६ दिवस गेले आणि नेमका त्याच दिवसांत काठाचा मोठा लचका तुटून पाण्यात गेला, एक झाडच मुळासकट नाहीसं झालं. ते आता परत कधीच मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतंय.

आता रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा लिनक्स कॉम्प्युटर) घेतलाय. जीफोटो-टू (कॉम्प्युटरवरून कॅमेरा चालवणारा प्रोग्राम) मध्ये इंटरव्हल द्यायची सोय आहे ती वापरू, की वेब डॅशबोर्ड असलेलं काही बघू, की डीएसएलआर सोडून पायचाच कॅमेरा लावू? ज्यांची यंत्रं खरोखर महिनोन्‌महिने एकटी चाललीत त्यांनी सांगा प्लीज.

टिकटिक

२६ दिवसांचं वाचून कळवळलो, माझंही एकदा असंच गेलंय.

आधी एक सांगतो, डॅशबोर्ड बघून सॉफ्टवेअर निवडू नका, तिथे बघणारं कोणी नसणार. मी एकच प्रश्न विचारतो, हे अडकलं तर माणसाशिवाय परत उठतं का? ओके दाबायला लावणारं काहीही तिथेच बाद.

जीफोटो-टूच घ्या, हजारो कॅमेरे ओळखतं आणि स्क्रीन लागतच नाही. पण त्याची स्वतःची इंटरव्हल वापरू नका, कारण मग एकच प्रोसेस दीड वर्ष जिवंत ठेवावी लागते आणि यूएसबीवर कॅमेरा एकदा गप्प झाला की ती प्रोसेस तशीच लटकून राहते, मरतही नाही आणि फोटोही काढत नाही. त्यापेक्षा सिस्टमडीचा (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर लावा, दर दहा मिनिटांनी छोटी स्क्रिप्ट उठेल, एक फोटो काढेल, उतरवून घेईल आणि संपेल. कमांडच्या आधी टाइमआउट ६० सेकंद लावायचाच (तेवढ्यात संपली नाही तर तो ती मारून टाकतो), म्हणजे एक फोटो फसला तरी पुढचा नव्याने सुरू होतो.

आणि हे माझ्या अंगावर आलेलं म्हणून सांगतो. स्क्रिप्टमध्ये ओळीने तीन फोटो फसले तर कॅमेऱ्याचा पॉवर तोडून परत द्यायची सोय हवी. यूएसबीचा पॉवर तोडून उपयोग नाही, डीएसएलआर त्याच्यावर चालतच नाही, तो डमी बॅटरीवर (बॅटरीच्या जागी बसणारा, वायरने वीज देणारा तुकडा) चालतो, म्हणून डमी बॅटरीच्या वायरीत रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाका आणि तो पायच्या पिनवरून चालवा. माझा कॅमेरा एका थंडीत बरेचदा अडकला आणि दर वेळी रिलेने उठवला, मी तिथे गेलोसुद्धा नाही.

पायचा हार्डवेअर वॉचडॉग चालू कराच, पण तो कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा सिस्टमडी गोठलं तरच रीबूट करतो. कॅमेरा अडकल्याचं त्याला कळत नाही, त्यामुळे ते काम स्क्रिप्टचंच.

सौरदिवा

टिकटिक यांच्याशी सहमत, पण घड्याळाचं कोणीच बोललं नाही. पाय ५ सोडला तर पायला स्वतःचं आरटीसी (पॉवर गेला तरी चालत राहणारं घड्याळ) नाही आणि ५ मध्ये आहे त्यालाही वेगळी बॅटरी लावावी लागते. पॉवर जाऊन आला की नेट नसताना तो शेवटची जतन केलेली वेळ धरून पुढे चालतो. माझ्याकडे ढगाळ आठवड्यात बॅटरी रात्री बसली, सकाळी पॅनलने उठवली आणि घड्याळ नऊ तास मागे. म्हणजे भर उजेडात त्याच्या हिशोबाने रात्र होती, त्यामुळे फक्त उजेडात काढ हा नियम पाळत तो शांत बसला आणि खऱ्या रात्री काळे फोटो काढत राहिला. एक डीएस३२३१ चं (अशा घड्याळाच्या चिपचं) मॉड्यूल बसवा, वर्षाला साधारण एखाद मिनिट इकडेतिकडे होतं, आपल्या कामाला भरपूर झालं.

फाइलचं नाव तारीख-वेळेचं द्या आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं नाही असं स्क्रिप्टमध्ये घाला. कॅमेऱ्याच्या नंबरवर विसंबू नका, तो ९९९९ नंतर परत १ वर येतो. तुमचे दिवसाला सरासरी ७२ फोटो म्हणजे साडेचार महिन्यांनी तीच नावं परत यायला लागतील.

जागेचा हिशोबही करून टाकतो. साडेपाचशे दिवस धरले तर जवळजवळ ४० हजार फोटो, ६ एमबीचे जेपेग म्हटले तर २४० जीबीच्या आसपास. ५०० जीबीची एसएसडी घ्या. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढणार असाल तर त्याच्या चौपट धरा. शटर मात्र टिकेल, एक लाख फोटोंच्या रेटिंगचं असलं आणि आधी फार वापरलेलं नसलं तर ४० हजार काहीच नाही. दर मिनिटाला फोटो हवा असता तर मीच म्हटलं असतं डीएसएलआर लावू नका.

लेन्सवाली ताई

मी थोडं उलटं बोलते. पाय हवाच आहे का? ज्या जागी डेटा पाठवायची रेंजच नाही तिथे कॉम्प्युटर म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू. मी तीन ठिकाणी जुने कॅननचे कॉम्पॅक्ट कॅमेरे सीएचडीके (कॅमेऱ्यातच स्क्रिप्ट चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकून लावलेत, ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्यात कायमचं काही बदलत नाही, इंटरव्हलची स्क्रिप्ट कॅमेराच चालवतो. लिनक्स नाही, यूएसबी नाही. पाय ४ नुसता बसून राहिला तरी ३ वॅटच्या आसपास खातो, दिवसाला ७० वॅट-अवर झाले, तेवढ्यात माझा कॅमेरा कितीतरी दिवस चालतो.

तोटा एकच पण मोठा, बंद पडला की जाऊन बघेपर्यंत कळत नाही. तुमचे २६ दिवस याही पद्धतीत जाऊ शकले असते हे प्रामाणिकपणे सांगते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी दोन कॅमेरे लावते, वेगळी बॅटरी, वेगळं कार्ड.

आणि काहीही वापरा, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणं) ऑटोवर ठेवू नका. उत्तर अमेरिकेत २००८ पासून फीनोकॅम नावाचं नेटवर्क चालतं, जंगलं-शेतं कधी हिरवी होतात ते कॅमेऱ्याने मोजतात, तिथेही व्हाइट बॅलन्स फिक्स ठेवायला सांगतात, कारण ऑटो असेल तर पानं पिवळी झाली की कॅमेऱ्याने रंग बदलला हेच कळत नाही. तुमच्या गढूळ पाण्याचंही तेच होईल. फोकस मॅन्युअल करून रिंगला टेप मारा. एक्सपोजर ऑटो राहू दे, फ्रेम लुकलुकतात ते नंतर एफएफएमपेगच्या (व्हिडिओ बनवायच्या प्रोग्रामच्या) डीफ्लिकर फिल्टरने बरंच निघतं.

काठावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दोन कॅमेऱ्यांचं पटलं, जुना कॉम्पॅक्ट घरात आहे, तो दुसऱ्या झाडावर लावतो. पण मुख्य कॅमेरा पायवरच ठेवतोय कारण रेंज आली की दिवसातला एक छोटा फोटो तरी घरी यावा असं फार वाटतं.

एक अडचण आली. टायमर लावला, पहिला फोटो निघाला आणि मग दर वेळी यूएसबी डिव्हाइसचा ताबा घेता आला नाही असा एरर. केबल बदलली, पोर्ट बदलला, तेच.

टिकटिक

डेस्कटॉपवाली ओएस टाकलीय ना? त्यातलं जीव्हीएफएस (जोडलेल्या वस्तूंवरच्या फाइल दाखवणारा भाग) कॅमेरा दिसला की फोटो दाखवायला स्वतःच पकडून ठेवतं, मग जीफोटोला मिळत नाही. ती प्रोसेस मारून तात्पुरतं चालेल पण साइटवर नेताना लाइट व्हर्जन टाका, डेस्कटॉपशिवायचं. जे लागत नाही ते तिथे नसलेलंच बरं.

जीफोटोला कीप हा ऑप्शन पण द्या आणि कॅप्चर टार्गेट मेमरी कार्ड करा, म्हणजे फोटो एसएसडीवर उतरतो आणि एक प्रत कॅमेऱ्याच्या कार्डावरही राहते. कार्ड मात्र तेवढं मोठं घ्या. घरी पाठवायला आरसिंक (फाइल पाठवणारा प्रोग्राम) वापरा, रेंज मध्येच गेली तरी राहिलेलं पुढच्या वेळी जातं, फक्त त्याचा टायमर वेगळा ठेवा, अपलोड अडकलं म्हणून फोटो थांबता कामा नये.

आणि नेण्याआधी गच्चीत ठेवून रोज मुद्दाम त्रास द्या. पॉवर खेचा, केबल उपटा, कार्ड भरून टाका, घड्याळ मागे करा.

काठावरचा

लाइट व्हर्जनने एरर गेला. गेले १२ दिवस गच्चीत आहे. पॉवर ३० वेळा खेचला, २९ वेळा आपोआप उठला. एकदा फोटो लिहिताना मध्येच पॉवर गेला आणि अर्धी फाइल राहिली, वरचा अर्धा भाग आकाश आणि खाली नुसता करडा पट्टा, आणि स्क्रिप्ट त्याच फाइलवर अडून बसली, पुढचे चार फोटो निघालेच नाहीत. आता फोटो आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, पूर्ण झाला की सिंक करून (डिस्कवर पक्का लिहून) मग खरं नाव देतो, आणि बूट झाल्यावर तात्पुरत्या नावाचं जे सापडेल ते वेगळ्या फोल्डरला टाकतो. त्यानंतर परत दहा वेळा खेचला, दहाही वेळा उठला.

काल केबल उपटून ठेवली होती, तिसऱ्या फसलेल्या फोटोनंतर रिलेचा टक् आवाज आला, केबल परत जोडली आणि पुढच्या दहा मिनिटांनी फोटो आला. तो आवाज ऐकून काय बरं वाटलं म्हणून सांगू.

डीएस३२३१ परवा मिळतंय. ते बसवून अजून एक आठवडा गच्चीत ठेवतो, मग पाठीवर टाकून निघतो.

सौरदिवा

जाताना मॉड्यूलची नवी सेल टाका आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पहिला फोटो घरी आला की इथे कळवा, वाट बघतोय.