क्लच, गिअर आणि रिकामा डावा पाय : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आली. शोरूममधून निघून पहिल्याच सिग्नलला माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला. त्याला सापडलं ब्रेकचं रुंद पेडल. क्लच दाबतात तसा मी ब्रेक तळापर्यंत दाबला. मागच्या सीटवरचा पेढ्यांचा बॉक्स पुढे आला, बायको पट्ट्यामुळे वाचली, आणि मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून डाव्या पायाचं करायचं काय, हा प्रश्न आहे.

जुनी गाडी अजून दारात आहे. 'बॅटरी उतरू नये म्हणून' तिला दर रविवारी सकाळी दिवे घाटात नेऊन आणतो. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. वळणाआधी तिसऱ्यावरून दुसरा टाकला की इंजिनाचा आवाज घट्ट होतो आणि गाडी कंबर कसून वर निघते. ते माझ्या हाताने झालेलं असतं, एवढंच त्यात सुख.

मायलेज आणि किमतीचा हिशोब नको, तो सेल्समन सांगतातच. तुम्हाला कोणी शिकवलं, गाडी कुठे बंद पडली, आणि गिअर अजून का सुटत नाही (किंवा का सोडलात) ते लिहा.

घाटमाथा

खंबाटकी, 1996. लायसन्स मिळून तीन आठवडे झालेले. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आणि येताना दोन्ही वेळा घाटच, बोगदा नंतर आला. मधल्या चढाला पुढचा ट्रक थांबला. क्लीनर उडी मारून लाकडी ठोकळा चाकामागे लावून आला, म्हणजे मुक्काम लांबणार हे कळलं. आमच्या मागे एसटी, इतकी जवळ की आरशात तिची फक्त जाळी दिसत होती.

ट्रक हलला. मी ब्रेक सोडला, गाडी मागे गेली. घाबरून क्लच सोडला, गाडी बंद. हे चार वेळा. मग शेजारी बसलेल्या काकांनी हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "आता ब्रेकवरून पाय काढ, गाडी कुठे जात नाही. पहिला टाक, थोडा रेस दे. क्लच सोड, पण बॉनेट नाक वर करेपर्यंतच. तिथे थांब." खरंच बॉनेट बोटभर उचललं गेलं, इंजिनाचा आवाज खाली बसला. काकांनी हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे निघाली. 'हाफ क्लच' हा शब्द तोवर शंभरदा ऐकला होता, पायाला तो त्या दिवशी कळला.

(तीच सवय पुढे सिग्नलला लावली आणि दीड वर्षात क्लच प्लेट जाळली. जळक्या प्लेटचा वास एकदा आला की विसरता येत नाही.)

एसटीचा पोरगा

वडील एसटीत चालक होते, बरीच वर्षं कुंभार्ली घाटात. जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसायचं. म्हणजे दात एकमेकांत बसण्याआधी त्यांचा वेग जुळवायचं काम ड्रायव्हरचं. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेसचा एक झटका, पुन्हा क्लच, आणि मग गिअर. डबल क्लच. चुकलं की खर्रर्र असा आवाज येतो आणि अख्खी गाडी ड्रायव्हरकडे बघते. वडिलांचा तो आवाज मी कधी ऐकला नाही. वेगाच्या काट्याकडे ते बघायचेच नाहीत. "कान फुकट मिळालेत, वापर," म्हणायचे.

मला शिकवताना नियम एकच : ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतर. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. डेपोत दहा लिटरमागे किती किलोमीटर काढले याचा हिशोब लागायचा, तरी ते उतारावर गिअर काढत नसत. नुसत्या ब्रेकवर उतरलं की लायनर तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

आता ते शेजारी बसतात. मी गिअर बदलायला उशीर केला की त्यांचा डावा पाय पायपुसणीवर दाबला जातो. तोंडाने काही म्हणत नाहीत.

दादर टीटी

पद्मिनी टॅक्सी कोणालाच आठवत नाही का? गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे सलग सीट. लग्नाला जाताना पुढे ड्रायव्हर धरून तिघं आणि एखादं पोर मांडीवर. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. ती दांडी वर-खाली करणारा मनगटाचा झटका अजून डोळ्यांसमोर आहे.

सांगलीची सून

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. वीस दिवस मी गाडी चालवतेय या भ्रमात होते, चालवत होते सर. लायसन्स हातात आलं आणि पहिल्या दिवशी गाडी गेटच्या बाहेरसुद्धा निघेना.

शेवटी शिकवलं मिस्टरांच्या आत्यांनी. वय तेव्हा त्रेसष्ट, नऊवारी. शाळेच्या मैदानावर नेलं आणि म्हणाल्या, "तीन दिवस अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही." मला वाटलं थट्टा करतायत. पण सपाट जमिनीवर पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडला तर गाडी रेस न देता मुंगीसारखी निघते. घाई केली की आचका देऊन बंद. तीन दिवस तेवढंच : निघा, थांबा, निघा. चौथ्या दिवशी त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर 'उघडून दिला', हे त्यांचे शब्द. त्यानंतर गाडी अशी फारशी बंद पडलीच नाही. मिस्टर मध्ये मध्ये सूचना द्यायला आले तेव्हा आत्यांनी त्यांना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं केलं, "खांब म्हणून". मी त्यांना वळसा घालून यायची.

नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हे मात्र सगळ्या मैत्रिणींना सांगते.

कोथरूड ते हिंजवडी

उलटा अनुभव लिहितो. रोज दोन्ही वेळचे मिळून अडीच-तीन तास, त्यातला बराचसा वेळ पहिला-न्यूट्रल-पहिला. डावा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "क्लच किती जड आहे?" एएमटी (स्वस्तातली ऑटोमॅटिक) गाडी घेतली. 2014 मध्ये त्या आल्या नसत्या तर ऑटोमॅटिक माझ्या खिशाला परवडलीच नसती. आत गिअरबॉक्स आणि क्लच तोच, दाबायला पायाऐवजी यंत्र. गिअर बदलताना मान डुलते, चढावर ओव्हरटेक करताना ती क्षणभर विचार करते आणि तेवढ्यात समोरचा डंपर जवळ येतो, हे मान्य. पण संध्याकाळी जिना चढता येतो. हौस रविवारी करा, सोमवारी नाही.

साता समुद्रापार

इंग्लंडमध्ये आपल्या लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, मग तिथली परीक्षा. ती ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, गिअरवर दिली तर दोन्हीचं. पुण्यात बारा वर्षं चालवलेली, म्हणून ऐटीत गिअरची गाडी घेऊन गेलो. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला, सगळं घरच्यासारखं. पहिल्याच क्लासला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण वेळ क्लचवर पाय ठेवून चालवता." बारा वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं! तो पाय बाजूला ठेवायला शिकण्यात माझे सहा क्लास गेले.

रातराणी

एक फायदा सगळे विसरले. आंबोलीत रात्री अकराला बॅटरी मेली. पाऊस, धुकं, मोबाइलला रेंज नाही. उतार होता. चावी फिरवून दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून गाडी सोडली, वेग आल्यावर क्लच पटकन सोडला. एक हिसका, आणि इंजिन चालू. पहिल्यावर केलं तर फार जोरात आचका बसतो, म्हणून दुसरा. ऑटोमॅटिक असती तर रात्र तिथेच काढली असती.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. एसटीचा पोरगा, वडिलांना नमस्कार सांगा.

सांगलीच्या आत्यांची पद्धत काल लेकीवर करून पाहिली. लर्निंग लायसन्स परवाच आलंय. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, अ‍ॅक्सिलरेटर बंद. सतरा वेळा गाडी बंद पडली. अठराव्या वेळी मुंगीसारखी निघाली, आम्ही दोघंही ओरडलो आणि त्याच वेगाने थेट कचऱ्याच्या डब्याला जाऊन लागलो. ब्रेक कुठला ते सांगायचं राहून गेलं होतं.